वाळवंटातला हिवाळा : उष्ण प्रदेशात कृत्रिम हिमउतार टिकतो का?

टोकियोच्या पूर्वेला, उपसागराच्या काठावर फुनाबाशी नावाचे शहर आहे. एप्रिल २००६ मध्ये तेथे आयकिया या कंपनीचे फर्निचरचे भव्य दुकान उघडले. ज्या जमिनीवर ते उभे आहे, त्या जमिनीवर तीनच वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाचा डोंगर होता. ४९० मीटर लांब, १०० मीटर रुंद, माथ्यापासून पायथ्यापर्यंत ८० मीटर उतार, आणि वर पूर्ण छप्पर. बांधकामाचा खर्च सुमारे ४० अब्ज येन. त्या काळी जगात याहून मोठा बंदिस्त हिमउतार नव्हता.

जुलै १९९३ मध्ये तो सुरू झाला, सप्टेंबर २००२ मध्ये बंद पडला आणि २००३ मध्ये पाडला गेला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २००५ च्या अखेरीस, दुबईत असाच एक उतार उघडला. बाहेर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, अशा वाळवंटात. तो आजही चालू आहे.

समशीतोष्ण जपानमध्ये जे बुडाले, ते वाळवंटात कसे तरले? हा धागा या कोड्याबद्दल आहे.

आरंभ जरा मागून करावा लागेल, कारण उष्ण देशात हिम आणण्याची हौस विजेच्या शोधाहून पुष्कळ जुनी आहे.

अब्बासी खलिफा अल-महदी हिजरी सन १६० मध्ये, म्हणजे इ.स. ७७७ च्या सुमारास, हजला गेला, तेव्हा त्याच्यासाठी मक्केत बर्फ पोहोचवण्यात आला होता. इतिहासकार तबरीने त्याची आवर्जून नोंद केली आहे. बर्फ ही नोंद करण्याजोगी गोष्ट होती, ती त्याच्या चवीमुळे नव्हे, तर तो तिथवर न वितळता पोहोचला म्हणून.

अकबराच्या दरबारातही हेच दिसते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त पाणी थंड करण्यासाठी सोरा वापरण्याची रीत दिली आहे, आणि दरबार लाहोरला असताना डोंगरातून होड्या, गाड्या व डाकेचे हरकारे यांच्या साखळीने बर्फ कसा आणला जाई, हेही सांगितले आहे. वाटेत किती वितळेल याचा अंदाज घेऊन दर ठरत असे. वितळलेल्या भागाची किंमत कोणीतरी मोजतच असतो, हे सूत्र पुढे बाराशे वर्षांच्या या गोष्टीत सतत डोके वर काढते.

मग येते मुंबईची पाळी. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ या जहाजातून १८० टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्याला रवाना केला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ मुंबई बंदरात उतरला. सर जमशेदजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले, त्यानंतर यजमानांसह काहींना पडसे झाले आणि ‘मुंबई समाचार’ने त्यावर टोला हाणला, असा किस्सा मुंबईच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो.

किस्सा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ट्यूडरचा धंदा चालला, कारण अमेरिकेतून येणारी जहाजे भारतातला माल भरून नेण्यासाठी अनेकदा अर्धी रिकामीच येत. बर्फ हे जवळजवळ फुकटचे भरताड होते. जहाजाचा मूळ खर्च दुसऱ्याच मालाच्या नफ्यातून निघत असे. हे ध्यानात ठेवावे. दुबईत पोहोचल्यावर याची आठवण होईल.

येथे भाषेची एक अडचण आहे. मराठीत कारखान्यात गोठवलेली लादी, फ्रीजमधला खडा आणि काश्मीरच्या आभाळातून पडणारा कापूस, या सगळ्यांना आपण सर्रास ‘बर्फ’च म्हणतो. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र लादी आणि हिम यांत मोठे अंतर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लादी तयार करणे माणसाला साधले. १८७८ मध्ये तर कलकत्त्यात बर्फाची कंपनी निघून अमेरिकी बर्फाची सद्दी संपत आली. पण भुसभुशीत, पायाखाली दबणारे, लाकडी पट्ट्यांवरून घसरता येईल असे हिम तयार करणे पुढची पाऊण शतके जमले नाही.

न जमल्यामुळे नक्कल झाली. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात नॉर्डवेस्टबानहोफ हे रेल्वे स्थानक प्रवाशांसाठी बंद झाले होते. त्याच्या रिकाम्या दालनात २६ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘हिममहाल’ उघडण्यात आला. लाकडी मांडणीवर उतार रचला होता, त्यावर सोड्यापासून बनवलेली पांढरी भुकटी पसरली होती, आणि उडी मारण्यासाठी मंचसुद्धा होता. थंडीची गरजच नव्हती, कारण तेथे हिमच नव्हते.

उद्घाटन महापौर कार्ल झाइट्स यांनी केले. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिएन्नात न्यायमंदिराला आग लागली होती आणि पोलिसांच्या गोळीबारात कित्येक निदर्शक ठार झाले होते. शहर अजून त्या धक्क्यातून सावरले नव्हते. हिममहालाच्या उद्घाटनाहून परतताना झाइट्स यांच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते बचावले. महाल मात्र फार जगला नाही. सोड्याची भुकटी लवकरच मळकट झाली, पट्ट्या तिच्यावरून नीट घसरेनात, आणि काही महिन्यांतच खेळ आटोपला. (त्याच दालनात १९३८ साली नाझींनी ज्यूंविरुद्धचे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरवले. काही इमारतींच्या नशिबी भलत्याच भूमिका येतात.)

खऱ्या हिमाकडे जाणारी वाट दोन ठिकाणांहून निघाली. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाने मार्च १९३६ मध्ये सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि आर्द्रता बदलली की स्फटिकाचा आकार कसा बदलतो, हे त्याने दाखवून दिले. दुसरी वाट अगदीच व्यवहारी होती. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात स्की बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा धंदा हिम न पडल्याने बसला होता. तिच्या मालकांनी १९५० मध्ये पाणी आणि दाबाखालची हवा एकत्र करून फवारणारे यंत्र बनवले. थेंब हवेत गोठून खाली पडत. हिमतोफेचा जन्म तो हाच.

परंतु हिमतोफ उघड्यावर चालायची तर हवा आधीच गोठणबिंदूच्या खाली असावी लागते. हवा दमट असेल तर आणखीच थंड. म्हणजे हे यंत्र हिवाळ्याला मदत करते, हिवाळा निर्माण करत नाही. उष्ण प्रदेशात आधी एक प्रचंड शीतगृह बांधावे लागते, आणि मग त्यात हिम पाडावे लागते. सौदी अरेबियातील त्रोजेनासारखा उघड्या पर्वतावरचा प्रकल्प ही वेगळी जात आहे. ती गोष्ट स्वतंत्र धाग्याची.

बंदिस्त उताराचे पहिल्या पिढीचे उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. ॲडिलेड शहरात उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो. तेथे १९८७ मध्ये ‘माउंट थेबर्टन’ नावाचे केंद्र सुरू झाले. पाणी शोषून घेणाऱ्या पॉलिमरचे कण गोठवून तेथील हिम बनवले जाई. उतार लहान होता, नवशिक्यांना शिकण्यापुरता. तो २००५ मध्ये बंद झाला. शेजारचे आइस स्केटिंगचे मैदान मात्र चालू राहिले. सपाट लादी सांभाळणे सोपे आणि स्वस्त असते, एवढाच याचा अर्थ.

आता पुन्हा फुनाबाशी. या उताराचे नाव होते ‘झाउस’. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा आणि हिम या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनवलेले. बारा महिने स्कीइंग, हे वचन नावातच होते. मालक मित्सुई फुदोसान ही जपानमधील मोठी स्थावर मालमत्ता कंपनी.

हा उतार समजून घ्यायचा तर १९८० च्या दशकातील जपान समजून घ्यावा लागतो. जमिनीचे आणि समभागांचे भाव आकाशाला भिडले होते. स्कीइंग ही तरुण नोकरदारांची चैन झाली होती. १९८७ साली आलेल्या एका प्रेमपटाने त्या वेडाला आणखी हवा दिली. डिसेंबर १९८९ च्या अखेरीस निक्केई निर्देशांक ३८,९०० च्या वर पोहोचला, आणि तेथून जो घसरला तो पुढची तीसहून अधिक वर्षे त्या उंचीवर परतला नाही.

झाउसची कल्पना फुगवट्याच्या काळातली, उद्घाटन मात्र फुगा फुटल्यानंतरचे. जपानमध्ये स्की करणाऱ्यांची संख्या १९९३ च्या सुमारास शिखरावर होती, सुमारे १ कोटी ८० लाख. म्हणजे झाउसचे दार नेमके त्या क्षणी उघडले, ज्यानंतर रांग लहानच होत जाणार होती.

मंदी हे एक कारण झाले. पण त्याहून मूलभूत कारण नकाशावर दिसते. १९९० च्या डिसेंबरमध्ये जपानच्या रेल्वेने गाला युझावा हे स्थानक उघडले. टोकियोत शिंकान्सेनमध्ये बसायचे, सुमारे सव्वा तासात उतरायचे, आणि स्थानकाच्या इमारतीतूनच पाळण्यात बसून खऱ्या पर्वतावर जायचे. हिवाळ्यात ज्याला घसरायचे आहे, तो ८० मीटरच्या पेटीत कशाला येईल? उरला उन्हाळा. पण उन्हाळ्यात स्कीची आठवण फक्त कट्टर खेळाडूला येते, आणि कट्टर खेळाडू थोडे असतात. शीतयंत्रांना मात्र विश्रांती नव्हती. ग्राहक सर्वांत कमी त्या ऋतूत विजेचा खर्च सर्वांत जास्त, अशी ही उफराटी जुळणी होती.

झाउस ललापोर्ट या मित्सुईच्याच मॉलच्या परिसरात होता, हेही सांगायला हवे. नाहीतर ‘मॉलला जोडले की हिमउतार तरतो’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. शेजारी मॉल असणे पुरेसे नव्हते. झाउस ही वेगळी इमारत होती, वेगळे तिकीट होते आणि आपला खर्च त्याने स्वतःच्या तिकिटांतून काढावा अशी अपेक्षा होती. खरेदीला आलेल्या माणसाला आत काय चालले आहे ते दिसतही नव्हते.

स्की दुबईत नेमके हेच वेगळे आहे. मजीद अल फुतैम समूहाच्या ‘मॉल ऑफ द एमिरेट्स’च्या पोटातच हा उतार आहे. एकूण क्षेत्र सुमारे २२,५०० चौरस मीटर. सर्वांत लांब वाट ४०० मीटरची, उतार ६० मीटरचा, म्हणजे झाउसहून लहानच. पण मॉलच्या बाजूने मोठी काच आहे. उपाहारगृहात कॉफी पिणारा माणूस त्या काचेतून हिम पाहतो. ज्याने तिकीट काढले नाही, त्याच्यासाठीही हिमाने आपले काम केलेले असते : त्याला मॉलपर्यंत आणले, आणि दोन तास जास्त थांबवले.

ट्यूडरचे जहाज आठवावे. मूळ खर्च दुसरा माल उचलतो.

यंत्रणा कशी चालते हेही पाहण्याजोगे आहे. दिवसा आतील तापमान उणे १ ते उणे २ अंश ठेवतात. रात्री दारे बंद झाली की ते उणे ६ पर्यंत उतरवतात, आणि छताजवळून पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडतात. ते खाली येईपर्यंत गोठतात. दररोज सुमारे ३० टन नवे हिम पडते, तेवढेच जुने काढले जाते. ते वितळवताना मिळणारा गारवा मॉलच्या वातानुकूलनाला आणि उरलेले पाणी बागेला दिले जाते.

या ३० टनांचा हिशेब करून पाहिला तर नवल वाटते. ३० अंशांचे पाणी शून्यावर आणून गोठवायला प्रत्येक किलोमागे सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ३० टनांसाठी ती होते सुमारे ३,८०० युनिट. शीतयंत्र एक युनिट वीज घेऊन दोन युनिट उष्णता बाहेर टाकते असे धरले, तर वीज लागेल १,९०० युनिटच्या आसपास. महाराष्ट्रात महिन्याला १५० युनिट जाळणाऱ्या १२-१३ घरांचे महिन्याचे बिल, रोज. आकडा लहान नाही, पण एवढ्या मोठ्या मॉलपुढे भीतिदायकही नाही. हिम पाडणे हा खर्चाचा मोठा भाग नसतोच. खरा खर्च आहे तो भिंती, छप्पर, दारे आणि माणसांचे उबदार श्वास यांच्यावाटे चोवीस तास आत येणारी उष्णता आणि दमटपणा बाहेर काढत राहण्याचा.

उन्हाच्या दुपारी दुबईत आत आणि बाहेर ४७ अंशांचा फरक असतो. बाहेर २० अंश असलेल्या गावात तो २२ चा. भिंतीतून झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे दुबईला दुपटीहून अधिक. जाड उष्णतारोधक भिंती बांधून हे ओझे कमी करता येते, नाहीसे करता येत नाही. ऊर्जा स्वस्त असलेल्या आखातात ते पेलले गेले.

मात्र ‘ऊर्जा स्वस्त होती म्हणून जमले’ हे उत्तर अपुरे आहे. दुबईचे स्वतःचे तेल १९९१ च्या सुमारास शिखरावर पोहोचून उतरणीला लागले होते. तेलानंतर काय, या प्रश्नाला त्या अमिरातीने दिलेले उत्तर म्हणजे पर्यटन, व्यापार आणि जमीन. २००२ मध्ये परदेशी लोकांना ठरावीक भागांत मालमत्ता विकत घेण्याची वाट मोकळी झाली. वाळवंटातले हिम ही या नव्या शहराची जाहिरात होती. जाहिरात नफ्यात आहे का, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आणि जवळपास गाला युझावा नव्हते. दुबईच्या रहिवाशाला खऱ्या हिमासाठी विमानाने जावे लागते. तेथे हिम पाहायला येणाऱ्या कित्येकांनी ते आयुष्यात प्रथमच पाहिलेले असते. त्यांना ४०० मीटरची वाट अपुरी वाटत नाही, कारण तुलनेला काहीच नाही. फुनाबाशीत ग्राहक हिमाचा जाणकार होता, दुबईत तो हिमाचा नवखा आहे. उष्ण हवामान हा खर्चाच्या बाजूचा शत्रू असला, तरी मागणीच्या बाजूला तोच मित्र ठरतो. २०१२ पासून स्की दुबईत पेंग्विनही ठेवले आहेत. ते स्की करणाऱ्यांसाठी नव्हेत, हे उघड आहे.

यशाचा हा हिशेब येथे थांबवला तर मात्र तो खोटा ठरेल. ज्या २००५ साली हा उतार उघडला, त्याच साली संयुक्त अरब अमिरातीत भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करून घेण्यावर प्रथमच बंदी घालण्यात आली. म्हणजे तोवर ती नव्हती. हे शहर बांधणारे मजूर प्रामुख्याने दक्षिण आशियातून आलेले. कोकणातल्या अनेक घरांचा कर्ता पुरुष दशकानुदशके आखातात राबला आहे, त्या घरांना दुपारच्या त्या उन्हाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मक्केला पोहोचलेल्या बर्फाबरोबर वाटेतले उंटवाले इतिहासात नोंदले गेले नाहीत. काचेआडच्या हिमाबद्दल लिहिताना बाहेरच्या चौथऱ्यावर उभा असलेला माणूस नोंदवला जावा.

दुबईचा कित्ता सगळीकडे गिरवता आला, असेही नाही. खुद्द दुबईत याहून मोठा हिमघुमट बांधायचे बेत होते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर ते कागदावरच राहिले. त्याच समूहाने कैरोजवळ ‘मॉल ऑफ इजिप्त’मध्ये २०१७ साली ‘स्की इजिप्त’ उघडले. माद्रिदजवळच्या एका मॉलमध्ये २००३ पासून असा उतार चालतो. भारतात हैदराबादला २००४ मध्ये ‘स्नो वर्ल्ड’ सुरू झाले, पुढे मुंबईत कुर्ल्याच्या मॉलमध्येही त्याच नावाचे केंद्र निघाले. तेथे भाड्याचा कोट आणि बूट घालून तासाभरापुरते हिमात खेळायचे असते. मोठा उतार नाही, त्यामुळे उंच छप्पर नाही, त्यामुळे थंड करायची हवा थोडी. स्कीइंग वगळले की हिशेब बराच सोपा होतो.

आज या गोष्टीचे केंद्र चीनमध्ये सरकले आहे, आणि तेथे जमिनीचे राजकारण उघडेच आहे. दक्षिणेकडील उष्ण व दमट ग्वांगझोऊमध्ये २०१९ साली सुनाक या बांधकाम कंपनीचा प्रचंड बंदिस्त उतार उघडला. सुनाकने हे हिमजग मुळात वांडा समूहाकडून २०१७ मध्ये पर्यटन प्रकल्पांच्या मोठ्या सौद्यात घेतले होते. भोवतालची घरे आणि दुकाने विकली जावीत म्हणून मध्यभागी हिम, असा तो आराखडा. २०२२ मध्ये सुनाकला स्वतःचेच कर्ज फेडता आले नाही. घरे विकून हिम पोसायचे असेल, तर घरे विकली जाणे थांबल्यावर हिमाचे काय, हा प्रश्न फुनाबाशीतही विचारला गेला होता. फक्त तेथे उत्तर लवकर मिळाले.

तरीही बांधकाम थांबलेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये शांघायला आणि २०२५ मध्ये शेन्झेनला आणखी मोठे उतार उघडले. शेन्झेनमधल्या सर्वांत लांब वाटेची लांबी आहे ४४१ मीटर. झाउसहून अजूनही ४९ मीटर कमी. झाउस नऊ वर्षे चालला होता. शेन्झेनचा तो टप्पा २०३४ मध्ये येईल.